जुने थ्रू-हल सेन्सर बदलायचेत: त्याच भोकात नवा, की भोक बुजवून नव्याने?

शिडमोड्या

नमस्कार मंडळी,

बोट ३२ फुटी, फायबरग्लासची, फिन कील (बुडाखाली माशाच्या परासारखं उभं पातं), ड्राफ्ट (बोट पाण्यात जेवढी खोल जाते ते माप) १.७ मीटर. मी तिसरा मालक. कीलच्या पुढे, पुढच्या केबिनच्या फळीखाली दोन थ्रू-हल आहेत, म्हणजे हलमधून (बोटीच्या कवचातून) आरपार बसवलेली फिटिंग. एकात खोलीचा सेन्सर, दुसऱ्यात वेगाचं पॅडलव्हील (पाण्याने फिरणारं छोटं चाक). दोन्ही बोटीइतकेच जुने, तिशी ओलांडलेले.

गेल्या मोसमापासून खोलीचा आकडा मध्येच गायब होतो आणि तीन आडव्या रेघा येतात. पाच मिनिटांनी आकडा परत हजर, जणू काही झालंच नाही. वेगाचं तर विचारूच नका. शिडं फुगलेली, बोट पाणी कापतेय आणि आकडा शून्यावर ढिम्म. एकदा चिखलात टेकलोही, पण तो दोष नकाशाचा होता.

पुढच्या महिन्यात बुडाला रंग द्यायला बोट बाहेर काढतोय. तेव्हाच दोन्ही उपटून खोली, वेग, तापमान असा तिन्ही मोजणारा एकच सेन्सर बसवावा म्हणतोय. तो जुन्याच एका भोकात बसवू, की दोन्ही बुजवून नव्या जागी नवं भोक पाडू? की हलला हात न लावता आतून चिकटवायचा सेन्सर घेऊ? ‘पाण्याखाली भोक’ एवढं ऐकूनच माझ्या पोटात गोळा येतो. जाणकारांनी उजेड पाडावा.

उलटा_वारा

रुमाल टाकून ठेवतो. माझीही बोट याच वयाची आणि याच आजाराची.

मल्टीमीटरवाली

शिडमोड्या, एक मिनिट. सेन्सर मेलाय हे कोणी ठरवलं?

मधूनच जाणारा आणि आपोआप परत येणारा आकडा हा बहुतेक वेळा जोडाचा आजार असतो. सेन्सरच्या आत असतो पिझो स्फटिक. तो तडकला किंवा सुटला तर शक्यतो कायमचाच जातो, असा लपंडाव क्वचित खेळतो. तेव्हा भोकाचा विचार करण्याआधी एवढं बघा.

यंत्र चालू ठेवून खोलीच्या सेन्सरला कान लावा. बारीक टिक-टिक ऐकू आली तर यंत्र स्पंद पाठवतंय आणि स्फटिक हलतोय. मग डिस्प्लेच्या मागचा जोड उघडा. तिथे हिरवी बुरशी दिसली तर अर्धा निकाल लागला. वायर थोडी सोलून आतलं तांबंही बघा, काळं पडलं असेल तर चकाकतं तांबं लागेपर्यंत कापत मागे या. मल्टीमीटरने ओहम मोजून सेन्सर मेला असा निवाडा देऊ नका. काही सेन्सरच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यात आकडा अगदी कमी येतो आणि माणूस शॉर्ट समजून चांगला सेन्सर फेकून देतो. मी फेकलाय.

वेगाचं त्याहून सोपं. पॅडलच्या पात्यात चुंबक असतात, आत चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेला की एक स्पंद. एअरमार कंपनीच्या नेहमीच्या पॅडलमध्ये एका सागरी मैलाला साधारण २०,००० स्पंद येतात, म्हणजे दर नॉटला (ताशी एक सागरी मैल) सेकंदाला साडेपाच. पॅडल हातात धरून बोटाने फिरवा. डिस्प्लेवर आकडा उड्या मारतोय ना? मग वायर, सेन्सर, डिस्प्ले सगळं ठीक, अडलंय ते फक्त चाक. नसेल तर लाल वायरवर वीज येते का बघा. मग चाक अगदी सावकाश फिरवत हिरव्या वायरवर व्होल्टेज वरखाली होतं का ते. पांढरी आणि तपकिरी तापमानाची, २५ अंशांना त्यांच्यात १० किलोओहम दिसायला हवेत.

रंग तुमच्या जुन्या मॉडेलमध्ये वेगळे असू शकतात, पुस्तिका शोधा.

ओली_दोरी

आणि त्याच्याही आधी खाली वाकून सेन्सरवर शेवाळं नि शिंपले किती आहेत ते बघा. माझ्या पॅडलला एकदा एवढासा खेकडा राहायला आला होता. सहकुटुंब.

तिरकी_नाव

दुसऱ्या बोटीच्या फेसातून गेलो की माझ्याही आकड्याच्या रेघा होतात. पाण्यात हवेचे बुडबुडे असले की आवाज तिथेच विरतो. आकडा नेमका कधी जातो ते टिपून ठेवा. लाटेवर आपटल्यावर जातो, मोटर मागे घेताना जातो, की स्वच्छ शांत पाण्यातही? शांत पाण्यातही जात असेल तर मल्टीमीटरवाली म्हणतात तेच.

रेझिनराव

तपासणी करा, नक्की करा. पण मी मूळ प्रश्नाला हात घालतो, कारण तीस वर्षांच्या प्लास्टिकच्या थ्रू-हलवर माझा काडीचा विश्वास नाही. आतली यंत्रणा बिघडली तर आकडा जातो. घर, म्हणजे सेन्सर ज्यात बसतो ती हलमधली नळी, तडकलं तर बोट जाते. लोक उलट करतात, सेन्सर दर दहा वर्षांनी नवा आणि घर मात्र आजोबांच्या काळचं.

जुनं भोक की नवं? जागा बरोबर असेल तर जुनंच. फिन कीलच्या बोटीत कीलच्या ३०० ते ६०० मिमी पुढे, मध्यरेषेच्या जवळ, समोर दुसरं कुठलंही थ्रू-हल किंवा उंचवटा नसलेली जागा हवी. तुमची तीच दिसतेय. लांब कीलच्या बोटीला हे लागू नाही, तिथे बोटीच्या मध्यावर, कीलपासून बाजूला बसवतात.

आता ‘बुजवून टाकू’ हे किती सहज म्हणालात त्याबद्दल. पाण्याखालचं भोक म्हणजे फरशीला पडलेला खड्डा नव्हे की पुट्टी भरली आणि झालं. नुसती इपॉक्सीची गुठळी भरली तर ती बुचासारखी कडेने सुटते. कडा १२ ला १ अशा उताराने घासायच्या, म्हणजे हलच्या जाडीच्या बारा पट लांब उतार. तुमची हल १५ मिमी धरू. आतून-बाहेरून दोन्हीकडे निम्मी-निम्मी जाडी घासली तर प्रत्येक बाजूला ९० मिमी उतार येतो. ५१ मिमीच्या भोकासाठी तुम्ही २३ सेंमी रुंदीची बशी कोरणार. आतून हात पोचत नसेल आणि सगळं बाहेरूनच करायचं असेल तर ४१ सेंमी! मग त्यात काचेच्या कापडाचे थर, वर फेअरिंग (सपाटीची पुट्टी), वर बॅरियर कोट (पाणी अडवणारा थर). भोक दोन इंचांचं, काम ताटाएवढं.

म्हणून माझा सल्ला: एका भोकात नवं घर. दुसरं रिकामं ठेवायचं असेल तर त्यातही नवं घर आणि त्याला बंद बूच. बुजवायची हौस असेल तर पुढच्या खेपेला, वेळ हाताशी ठेवून.

नवखा_दर्यावर्दी

रेझिनराव, ५१ मिमीचं जुनं घर चांगलं असेल तर नवा ५१ मिमीचा सेन्सर त्यातच सरकवता येणार नाही का? माप तर तेच.

रेझिनराव

५१ मिमी हे हलमधल्या भोकाचं माप. आतल्या नळीचा व्यास, खाच, झडप आणि वरची चकती दर पिढीला वेगळी. काही जोड्या जुळतात, बऱ्याच जुळत नाहीत. दुरुस्तीच्या पुस्तिकेत घराचा क्रमांक दिलेला असतो, तो जुळला तरच. ‘जरा घट्ट आहे, ठोकून बसेल’ असं मनात आलं की हातोडी दुसऱ्याकडे द्या.

जुनी भोकं तर ३३, ३८, ४३ अशा नाना मापांची असतात. लहान भोक मोठं करताना होल सॉच्या (गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला पकडायला काहीच नसतं आणि करवत नाचते. यावर दोन उपाय. जुन्या भोकात लाकडाचं बूच ठोकून त्याच्या मध्यात ड्रिल घाला, किंवा एकाच दांड्यावर दोन करवती चढवा, आतली जुन्या भोकाच्या मापाची आणि बाहेरची नव्या. आतली वाट दाखवते, बाहेरची कापते. सुरुवातीला करवत उलटी फिरवून जेलकोटवर (हलच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) वर्तुळ उमटवून घ्या, मग सरळ. नाहीतर कडेचे टवके उडतात.

भोवरा

एवढा उपद्व्याप कशासाठी? वेग जीपीएस सांगतंच की. मी सहा वर्षांपूर्वी पॅडल काढलं, बूच लावलं, आजतागायत काही अडलं नाही. खोलीचा सेन्सर आतून चिकटवलाय. पाण्याखाली भोकं शून्य, रात्री झोप शंभर टक्के.

जुना_खलाशी

भोवरा, जीपीएस तुम्हाला जमिनीवरचा वेग सांगतं. लॉग, म्हणजे हे पॅडल, पाण्यातला सांगतो. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे प्रवाह, आणि शिडाच्या बोटीवर तोच तर हवा असतो. जीपीएस ६.१ म्हणतंय आणि लॉग ५ म्हणतोय तर १.१ नॉटचा प्रवाह तुम्हाला ढकलतोय. ओहोटी फिरली की हाच हिशेब उलटा होतो आणि अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा की नाही ते त्यावर ठरतं.

खरा वारा (बोटीच्या चालीचा परिणाम वगळून उरणारा) काढायलाही यंत्राला पाण्यातला वेग लागतो. तो चुकला की वाऱ्याचा कोनही चुकतो आणि मग माणूस शिडाला दोष देतो.

अवांतर: ‘नॉट’ हा शब्दच लॉगमधून आला. दोरीला लाकडाची फळी बांधून ती मागे पाण्यात टाकायची. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचं. जितक्या गाठी तितके नॉट. हिशेब करून बघा, आजच्या १.८५२ किलोमीटर प्रति तासाशी तंतोतंत जुळतो. आणि त्याला शेवाळं लागत नसे.

उलटा_वारा

काका, त्या फळीला ब्लूटूथ होतं का? ह. घ्या.

मल्टीमीटरवाली

भोवरा यांच्या आतून चिकटवायच्या पर्यायाबद्दल. खोलीपुरता तो उत्तम आहे, पण हल सगळी भरीव फायबरग्लासची असेल तरच. दोन थरांमध्ये फोम किंवा बाल्सा असेल तर आवाज तिथेच मरतो. धातूच्या हललाही हे सेन्सर चालत नाहीत. लाकडाचंही तेच. भरीव हलमध्येही जाताना थोडी आणि येताना थोडी अशी ताकद गळतेच, उथळ पाण्यात जाणवत नाही इतकंच.

चिकटवण्याआधी चाचणी घ्या. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती हलवर ठेवा, पिशवीत सेन्सर बुडवून तोंड खाली करा. हलवरही थोडं पाणी शिंपडा, मध्ये हवा राहायला नको. स्थिर आकडा आला तर ती जागा चांगली. एअरमारच्या पी७९ या आतल्या सेन्सरमध्ये खालचं भांडं हलला चिकटवतात आणि त्यात प्रोपिलीन ग्लायकोल भरतात. बुडाचा उतार २२ अंशांपर्यंत असेल तर वरचा भाग फिरवून सेन्सर सरळ खाली बघेल असा करता येतो.

वेग आणि तापमान मात्र आतून मिळत नाही. चाकाला पाण्यात तोंड घालावंच लागतं. न फिरणारे, अल्ट्रासॉनिक वेगमापकही आता आहेत, पण त्यांनाही भोक हवंच.

लाकडी_पाचर

मला एका गोष्टीचं नवल वाटतं. पॅडल पाण्यात असतानाच काढून साफ करायला लोक इतके का घाबरतात? घाबरावं तेवढं पाणी येतं, हे खरं. हिशेब करून ठेवलाय: भोक ५१ मिमीचं आणि पाण्याखाली अर्धा मीटर असेल तर सेकंदाला जवळपास ४ लिटर. बादली दोन-तीन सेकंदांत भरते. पण नव्या घरांत झडप असते, सेन्सर वर आला की ती आपोआप मिटते. झडप पाणी पूर्ण अडवत नाही, कारंज्याचा ओघळ करते, एवढंच तिचं काम. बाकीचं काम तुमच्या हातातल्या बुचाचं.

माझी पद्धत: बूच आधी उघडून, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून डाव्या हातात. खाली मोठा टॉवेल. उजव्या हाताने सेन्सर वर, डाव्याने बूच आत. रोज केलं तर दोन सेकंदांचं काम. पहिल्यांदा मात्र माझ्या हातून बूच निसटून बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) घरंगळलं आणि मी तळहात भोकावर दाबून ‘अहो, जरा इकडे या’ असं शक्य तितक्या शांत आवाजात बायकोला हाक मारली. ती वर निवांत वाचत बसलेली. म्हणाली, ‘पान संपवून येते.’

तेव्हापासून प्रत्येक थ्रू-हलशेजारी मऊ लाकडाची निमुळती पाचर सुतळीने बांधलेली असते. माझं नाव तिथूनच आलं.

ओली_दोरी

‘पान संपवून येते’ 😂 वाचनखूण साठवली.

नवखा_दर्यावर्दी

सीलंट कुठलं वापरायचं यावर कोणी बोललंच नाही. मला एकाने सांगितलं ३एम ५२००, एकदा लावलं की प्रश्न मिटला.

रेझिनराव

प्रश्न मिटतो तुमचा, पुढच्या मालकाचा सुरू होतो. ५२०० हा मुळात गोंद आहे. पूर्ण पक्का व्हायला पाच ते सात दिवस घेतो आणि मग काढताना जेलकोट बरोबर घेऊन येतो. थ्रू-हलला धरून ठेवतो आतला नट. सीलंटने फक्त पाणी अडवायचं. म्हणून पाण्याखाली चालणारं पण पुढे काढता येईल असं काहीतरी घ्या, ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१ सारखं. सिलिकॉन नको. ते काढल्यावरही त्याचा अंश राहतो आणि त्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही.

नट प्लास्टिकचा असेल तर हाताने आवळा, पान्याने नाही. सगळं सीलंट पिळून बाहेर आलं म्हणजे छान बसलं असं नसतं, मध्ये त्याचा थर राहायला हवा.

आणि जागा पुसताना ॲसिटोन हलवर, सेन्सरवर नाही. प्लास्टिक ठिसूळ होतं. बुडाच्या रंगाचंही तसंच, सेन्सरच्या तोंडाला पाण्यावर आधारित रंगाचा पातळ हात, बस. काही रंगांतली द्रावकं प्लास्टिक खातात.

तिरकी_नाव

रेझिनराव, इथे थोडा असहमत. माझं घर ५२०० ने बसवलेलं होतं, काढताना हीट गनने बेताने तापवलं आणि पातळ तारेने कापत गेलो, निघालं. वेळ लागला, पण निघालं.

रेझिनराव

किती वेळ?

तिरकी_नाव

दोन दिवस.

रेझिनराव

😊

जुनं घर वाचवायचं नसेल तर त्या भानगडीत पडूच नका. बाहेरची कड ग्राइंडरने उडवा आणि उरलेलं आत ढकला.

जुना_खलाशी

घराच्या धातूबद्दल. शिडमोड्यांची फायबरग्लासची आहे, त्यांना प्लास्टिक किंवा ब्राँझ दोन्ही चालेल. पण हा धागा पुढे दुसरेही वाचतील म्हणून लिहून ठेवतो. लाकडी हलमध्ये प्लास्टिकचं घर बसवू नका. लाकूड फुगतं आणि घर तडकतं. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या हलमध्ये ब्राँझ नको, समुद्राच्या पाण्यात दोन धातू भेटले की त्यातला एक खाल्ला जातो आणि इथे तो तुमची हल असते. तिथे प्लास्टिक किंवा स्टेनलेस.

जुनं ‘ब्राँझ’ खरवडल्यावर आत गुलाबीसर दिसलं तर ते पितळ निघण्याची शक्यता मोठी. जस्त निघून गेलंय आणि उरलेलं तांबं भुसभुशीत झालंय. असं फिटिंग माझ्या हातात बिस्किटासारखं मोडलंय, सुदैवाने बोट जमिनीवर होती.

शिडमोड्या

मंडळी, प्रगती अहवाल.

मल्टीमीटरवाली ताई, साष्टांग दंडवत. सेन्सरला कान लावला, टिक-टिक येते! डिस्प्लेच्या मागचा जोड उघडला तर तो शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवा. चार-पाच सेंमी वायर कापत गेल्यावर चकाकतं तांबं लागलं. नवं टोक लावलं. दोन आठवडे झाले, एकदाही रेघा नाहीत. तीस वर्षांचा सेन्सर ठणठणीत!

मग अंगात बळ आलं. बोट बाहेर आल्यावर पॅडल काढून साफ करावं म्हणून वरची गोल चकती फिरवायला गेलो. फिरेना. पान्याने धरून ‘अगदी हलकं’ फिरवलं. कट्. चकती हातात, तिच्यासोबत घराचा चंद्रकोरीएवढा तुकडा. तुटलेली कड बघितली तर प्लास्टिक खडूसारखं पांढरं, नखाने भुकटी निघते. हे माझ्या पायाखाली तीन वर्षं समुद्र अडवून होतं.

तेव्हा रेझिनराव, तुम्हीही बरोबर. वेगाच्या भोकात नवं घर आणि नवा तिन्ही मोजणारा सेन्सर घालतोय. खोलीच्या जुन्या घराला हातही लावला नाही. टॉर्चने बघितलं, सावलीत असल्यामुळे की काय ते चांगलं दिसतंय, पण पुढच्या वर्षी तेही.

आता शंका: नवा सेन्सर एनएमईए २००० (बोटीवरची यंत्रं एकमेकांशी जोडायची पद्धत) वाला आहे आणि माझे डिस्प्ले जुने. त्यांची भेट कशी घडवू?

मल्टीमीटरवाली

एक आजार जोडाचा, दुसरा घराचा. दोघांनाही गुण द्या.

भेटीबद्दल. जुन्या डिस्प्लेला सरळ कच्चे स्पंद लागतात, नवा सेन्सर आतच हिशेब करून तयार आकडा पाठवतो. म्हणजे दोघांची भाषा वेगळी. तुमच्या डिस्प्लेला एनएमईए ०१८३ कळत असेल तर मध्ये रूपांतर करणारा डबा बसवता येतो. ०१८३ हे १९८३ चं, ४८०० बॉडने रांगणारं, एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार. २००० मध्ये एका कण्यावर सगळे जोडलेले आणि सगळे बोलतात, सेकंदाला २५० किलोबिट. डिस्प्लेला ०१८३ सुद्धा कळत नसेल तर एक छोटा नवा डिस्प्ले घ्या, जुने खोलीसाठी राहू द्या.

कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. बरोबर दोन, एक नाही, तीन नाहीत. वीज बंद करून दोन सिग्नल वायरींमध्ये मोजलं तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर गायब आहे, ४० दिसले तर कोणीतरी जास्तीचा लावलाय. प्रत्येक फांदी ६ मीटरच्या आत ठेवा.

जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला सुतळी बांधा म्हणजे नवी केबल त्याच वाटेने जाईल. सुतळी न बांधता केबल ओढणारा माणूस मी पाहिलाय. आरशात.

ओली_दोरी

सेन्सरवरचा बाण नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे! घर बसवतानाच त्याची खाच पुढे यायला हवी, नट आवळताना घर सोबत फिरतं. माझं पॅडल एक अख्खा मोसम तोंड मागे करून बसलेलं होतं. ५ नॉटला २ दाखवायचं आणि मी बूड घासून घासून थकलो.

भोवरा

मी अजूनही म्हणतो, बूच लावा आणि सुखी व्हा. पण बसवतच असाल तर वेग जुळवून घ्या, नाहीतर खलाशीकाकांचा प्रवाह खोटाच निघेल. एकाच रस्त्याने जा आणि लगेच परत या, मोटरचे फेरे तेवढेच ठेवून. जाताना लॉग ५, जीपीएस ६.१. येताना लॉग ५, जीपीएस ४.७. जीपीएसची सरासरी ५.४, म्हणजे लॉगला १.०८ ने गुणायचं. सरासरी वेगांची काढा, वेळेची नाही, प्रवाहात तिथे चूक होते.

जुना_खलाशी

बूचवाले भोवरा लॉग जुळवायला शिकवतायत. धागा सार्थकी लागला.

शिडमोड्या

बोट पाण्यात आहे. पहिल्या रात्री दर अर्ध्या तासाला फळी उचलून नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवून बघत होतो. कोरडा. पहाटे चारला स्वतःचीच लाज वाटून झोपलो. बाण नाळेकडे आहे, वेग दोन्ही दिशांनी जुळवला, १.०४ आला.

पण नवीच गंमत. आता बोटीवर खोलीचे दोन सेन्सर आहेत आणि त्यांचं पटत नाही. नवा म्हणतो ३.१, जुना म्हणतो २.४. दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर. कोणावर विश्वास ठेवू?

लाकडी_पाचर

दोघांवरही नाही. दोरी घ्या.

जुना_खलाशी

बरोबर. शिशाचं वजन, दोरी आणि किती वाव (सहा फुटांचं माप) पाणी ते हाताने मोजा. वजनाच्या बुडाला खळगा असेल तर त्यात चरबी भरा, तळाची वाळू की चिखल तेही कळेल.

मग नव्या-जुन्याचा ऑफसेट (आकड्यात भरून ठेवलेली अधिक-उणे दुरुस्ती) तपासा. सेन्सर मोजतो ते स्वतःच्या तोंडापासून. त्यात पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिळवलं की एकूण पाणी, आणि कील जेवढी खाली तेवढं वजा केलं की कीलखालचं पाणी. जुन्या यंत्रात आधीच्या मालकाने काय भरून ठेवलंय ते बघितलंत का कधी?

शिडमोड्या

मोजलं. वजन नव्हतं म्हणून सुट्टा शॅकल (धातूची कडी) बांधला. पृष्ठभागापासून ३.६ मीटर. सेन्सर पाण्याखाली अर्धा मीटर, म्हणजे नव्याचे ३.१ बिनचूक, त्यात मी ऑफसेट काही भरलेलाच नाही. ड्राफ्ट १.७, म्हणजे कीलखाली खरं पाणी १.९.

जुन्याच्या मेनूत गेलो. ऑफसेट उणे ०.७. कीलसाठी उणे १.२ हवा होता. कुठून आणला ०.७ देव जाणे, त्या मालकाची आधीची बोट उथळ कीलची असेल कदाचित. म्हणजे तीन वर्षं मी कीलखाली अर्धा मीटर जास्त पाणी आहे असं समजून फिरत होतो.

उलटा_वारा

आणि त्या चिखलात टेकलात तेव्हा नकाशा काय म्हणत होता?

शिडमोड्या

नकाशा बरोबर होता. विषय बदला.